आखाजीच्या झोक्यासाठी वेल्डिंग मशीन : शेडमधल्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

ट्रॅक्टर विकून दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरामागचं पत्र्याचं शेड कडबा आणि मोडक्या खुर्च्यांनी भरून गेलं होतं. आज ते रिकामं केलं. दहा बाय अठरा फूट, खाली कोबा, पूर्वेला शटर. भिंतीला एक जुना प्लग आहे, ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायला घेतलेला.

गेल्या पावसाळ्यात वादळात अंगणातला निंब पडला. त्याच निंबाला आम्ही दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधायचो. यंदा आखाजी ३० एप्रिलला आहे. बहीण पारोळ्याहून दोन्ही मुलींना घेऊन येईल, गल्लीतल्या लेकी येतील. झोका नाही असं अंगण त्यांना दाखवायचं नाही, हे मी निंब तोडून नेला त्या दिवशीच ठरवलं. लोखंडी चौकट उभी करायची.

बसस्टँडजवळचे फॅब्रिकेशनवाले नाना ती दोन दिवसांत करून देतील. पण कूलरचं स्टँड हलतंय, फाटकाची बिजागरी तुटलीय, कोळप्याची पास (लोखंडी पातं) दरवर्षी जोडावी लागते. प्रत्येक वेळी अमळनेरची फेरी. कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काम करतोय, मीटर आणि तारा हाताखालच्या आहेत. वेल्डिंगही शिकायचंच. हातात ऐंशी दिवस, खर्चाची मर्यादा वीस हजार, वायरिंग धरून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी नानांकडे गेलो. त्यांचं मशीन म्हणजे तेलात बुडवलेला तांब्याचा ट्रान्सफॉर्मर, चाकांवरचा, दोन माणसांनी ढकलायचा. पंचवीस वर्षं झाली, एकदा तेल बदललं, बाकी हात लावला नाही म्हणाले. ते दोन फेजवर चालतं, म्हणजे दोन फेजांमधले ४१५ व्होल्ट घेतं. असंच एखादं जुनं मशीन बघून द्या, असं मी म्हणालो. ते वेल्डिंगचा रॉड बदलता बदलता थांबले.

“तुन्हा घर कितला फेज शे?”

“एकच.”

“मंग हाई कसाले पाहिजे तुले? भाऊ, पहिले गावनी लाइट देख, मंग मशीन देख.”

मला वाटलं होतं ते आधी विचारतील, काय जोडायचं, किती जाड. त्यांनी आधी तार विचारली. घरी आमच्या गावठाण फीडरवरून एकच फेज येतो. तीन फेज शेताच्या मोटारीला, तोही पाळीने, आणि तो घरात आणायचाच नसतो. म्हणजे नानांच्या जातीचं मशीन पहिल्याच प्रश्नाला बाद. ट्रान्सफॉर्मरची सिंगल फेज मशीनंही मिळतात, पण ती तेवढ्याच कामाला खूप जास्त करंट ओढतात आणि चालू करताना आणखी झटका देतात. शिवाय त्यांतून एसी निघतो. नवशिक्याला डीसीची आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी ठिणगी, धरायला सोपी जाते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सात दिवस शेडमधल्या प्लगावर मल्टिमीटर लावून व्होल्टेज लिहिलं. पहाटे साडेपाचला २२८ ते २३२. दुपारी एकला २१४च्या आसपास. संध्याकाळी साडेसातला १८८. नळाला पाणी सुटलं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या आणि काटा १७६वर आला.

हे झालं काही न चालवता. वेल्डिंग मशीन लावल्यावर काय होईल ते बघायला आज पहाटे दोन किलोवॉटचा पाण्याचा हीटर लावला. हा प्रयोग मशीन घेणाऱ्या प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. पाच मिनिटं लागतात.

शेडच्या प्लगावर हीटरशिवाय २२९, हीटर लावल्यावर २१९. दहा व्होल्ट पडले. तोच हीटर घरात मीटरच्या बोर्डाजवळ लावला, तर २२९चे २२५. चारच पडले. हीटर साधारण सव्वाआठ अँपियर घेतो. भागाकार केला, तर शेडपर्यंतचा एकूण रोध सुमारे १.२ ओहम आणि मीटरपर्यंतचा अर्ध्या ओहमच्या आत. म्हणजे डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) मीटरपर्यंतच्या अख्ख्या लाइनीपेक्षा माझ्याच घरातली बावीस मीटर वायर जास्त व्होल्टेज खातेय. वडिलांनी टाकलेली दीड चौरस मिलिमीटरची तार, मध्ये तीन पिळलेले सांधे. गावच्या लाइटला मी उगाच बोल लावत होतो.

डीपी माझ्या हातात नाही. वायर माझ्या हातात आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर हिशेब. मला जोडायचंय काय? सोळा गेजचा चौकोनी पाइप, म्हणजे १.६ मिमी. पंचवीस मिमी रुंद, तीन जाड आणि चाळीस रुंद, पाच जाड असे अँगल. झोक्याला दोन इंची गोल पाइप, त्याची जाडी ३.६ मिमी. पातळ पाइपाला बारा नंबरचा रॉड, म्हणजे अडीच मिमी, त्याला ६० ते ९० अँपियर. अँगलला आणि झोक्याला दहा नंबर, म्हणजे ३.१५ मिमी, त्याला ९० ते १३०. आठ नंबरच्या, त्याहून जाड रॉडचं काम माझ्याकडे नाही, आलंच तर नाना आहेत. तेव्हा मला खरेखुरे १२० अँपियर देणारं मशीन पुरे. जाहिरातीत दिसणारे २५० आणि ३०० माझ्या उपयोगाचे नाहीत.

आता १२० अँपियरला भिंतीतून किती लागतील? रॉडच्या वेल्डिंगला आर्कचं व्होल्टेज धरायचा ठरलेला हिशेब आहे : २० अधिक करंटचे चार शतांश. १२० अँपियरला २४.८ व्होल्ट. गुणाकार केला की जवळजवळ तीन किलोवॉट आर्कमध्ये. मशीनमधली घट धरून साडेतीनच्या थोडं वर. साध्या इन्व्हर्टर मशीनचा (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या) पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा, ०.७ धरला, तर २३० व्होल्टला साडेबावीस अँपियर. ९० अँपियरला वेल्डिंग केलं तर सोळा.

जुन्या वायरीवर साडेबावीस अँपियर म्हणजे २७ व्होल्टची पड. चार चौरस मिमीची नवी, सलग वायर टाकली तर मीटरपर्यंतची पड धरून सोळा. पहाटेच्या २३०मधून सोळा गेले तरी २१४ उरतात. संध्याकाळच्या १८८मधून गेले तर १७२. बहुतेक मशीनांवर २३० अधिक-उणे पंधरा टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे १९५च्या खाली त्यांची हमी नाही. मशीन कुठलंही आणा, संध्याकाळचं वेल्डिंग आमच्या गल्लीत नाही. हे खरेदीच्या आधी कळलं ते बरं.

रॉडऐवजी वायरीने वेल्डिंग करणाऱ्या मिग मशीनचा विचार दोन तास केला. पातळ पत्र्याला त्याच्यासारखं सोपं काही नाही, वायर आपोआप येते, सांध्यावर जमणारी खपली फोडावी लागत नाही. पण गॅसचं मिग म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, तो भरायला जळगाव किंवा धुळे. आणि आमचं शेड तीन बाजूंनी फटींचं आहे. फाल्गुन-चैत्रातला वारा गॅसचं पांघरूण उडवून लावणार, सांध्यात जाळी पडणार. बिनगॅसची वायर मिळते, वाऱ्यात चालते, पण रॉडपेक्षा बरीच महाग, आणि उघड्या शेडमध्ये पावसाळ्यात तिला गंज धरतो. टिग या तिसऱ्या प्रकाराला आर्गॉन वायू लागतो आणि हात फार स्वच्छ लागतो. दोन्ही सोडले. रॉडचं इन्व्हर्टर मशीन, सिंगल फेज, डीसी. रॉड तालुक्याला प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

२ मार्च, रविवार

धुळ्याला जाऊन आलो. तीन दुकानं फिरलो.

पहिल्या दुकानात तीनशे अँपियर लिहिलेलं मशीन साडेसहा हजारात होतं, साध्या तीन पिनच्या प्लगासकट. मी कागद काढला. तीनशे अँपियरला आर्क ३२ व्होल्ट धरायची, म्हणजे साडेनऊ किलोवॉट नुसतं बाहेर. ते २३० व्होल्टमधून काढायला पॉवर फॅक्टर अगदी एक धरला तरी मशीनमधली घट मिळवून पन्नासच्या आसपास अँपियर आत यायला हवेत. तो प्लग सोळाचा. डब्यावरचा आकडा आणि मागची पिन एकमेकांशी बोलतच नव्हते. मागच्या बाजूला पत्र्याची माहितीपट्टी होती, तिच्यावर ड्यूटी सायकलच्या जागी काही लिहिलेलं नव्हतं.

ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांपैकी किती मिनिटं मशीन तेवढ्या करंटला चालेल. तीस टक्के म्हणजे तीन मिनिटं काम, सात मिनिटं विश्रांती. ती मोजतात ४० अंश सेल्सिअस हवेत, तसा आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम आहे. हा चाळीसचा आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला. आमच्याकडे एप्रिलच्या मध्यापासून सावलीतच पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. म्हणजे माहितीपट्टीवरची ड्यूटी सायकल खान्देशातल्या उन्हाळ्याच्या दुपारी मिळणार नाही. थोडं मोठं मशीन घेऊन कमी करंटला चालवावं लागेल.

तिसऱ्या दुकानात १६० अँपियरचं मशीन मिळालं. पट्टीवर सगळं नीट : १६०ला तीस टक्के, ११३ला साठ टक्के, ८८ला शंभर. मी पडताळा घेतला. करंटचा वर्ग गुणिले टक्के, तिन्ही ठिकाणी जवळजवळ तेवढेच येतात. म्हणजे आकडे निदान एकमेकांशी जुळतात. वजन सहा किलो. दुकानदार समजूतदार माणूस. मी म्हणालो, “दादा, इथेच दहा नंबरचा रॉड लावून द्याल का?” त्यांनी मागच्या अंगणात नेलं, ११०वर ठेवून स्वतः तीन रॉड सलग जाळून दाखवले. पंखा वाजला, मशीन तापल्याचा दिवा लागला नाही. ९,२०० रुपये, बिल आणि वॉरंटीच्या शिक्क्यासह.

सोबत आलेला, रॉड धरायचा होल्डर हलका होता आणि अर्थचा चिमटा पातळ पत्र्याचा. तिथेच पितळी जबड्याचा चिमटा आणि पुऱ्या तांब्याची पाच मीटर केबल वेगळी घेतली. आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, खपली फोडायची चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, ६०१३ या प्रकारच्या रॉडचा बारा नंबरचा एक डबा आणि दहा नंबरचा एक. सगळं मिळून १४,१००.

९ मार्च, रविवार

वायरिंग. आधी घराचा मंजूर भार दोन किलोवॉटचा पाच करून घेतला, मगच वायरमनदादांना बोलावलं. मीटरच्या बोर्डापासून शेडपर्यंत चारची तांब्याची वायर, मध्ये एकही सांधा नाही. जास्त करंट गेला की तोडणारा २५ अँपियरचा सी प्रकारचा एमसीबी, करंट गळला की तोडणारा तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, भिंतीला ३२ अँपियरचा निळा औद्योगिक प्लग. शेडजवळ वेगळा अर्थिंगचा खड्डा. खर्च ५,४००. पुन्हा हीटर लावला : २३०चे २२४. अंदाजाप्रमाणे.

एक गोष्ट वायरमनदादांशी बोलून पक्की केली, कारण ती बऱ्याच ठिकाणी चुकीची पाहिली आहे. मशीनच्या चिमट्याला सगळे अर्थ म्हणतात, पण तो घराच्या अर्थिंगचा भाग नाही. तो वेल्डिंगच्या करंटचा परतीचा रस्ता आहे. तो ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यालाच, घासून चकचकीत केलेल्या जागी लावायचा. शेडच्या खांबाला किंवा नळाला लावला, तर शंभर अँपियर आपला रस्ता शोधत घराच्या अर्थिंगच्या बारीक तारेतून जाऊ शकतात, आणि ती तार भिंतीच्या आत जळते.

१६ मार्च, रविवार

पहाटे पावणेसहाला पहिली आर्क. ५ मिमीची पट्टी, बारा नंबर, ७५ अँपियर. पहिले आठ रॉड चिकटले. नवव्याला थोडी लांब ओळ निघाली. नानांनी सांगितलं होतं, आवाज ऐक. बरोबर अंतर असलं की तापल्या कढईत शेव पाडताना येतो तसा सलग चरचराट येतो. अंतर वाढलं की फटफट. रॉड आणि पट्टीमध्ये अंतर रॉडच्या जाडीइतकंच, अडीच मिलिमीटर. रॉड जळत कमी होतो, म्हणून हात सतत खाली येत राहायला हवा. डोळा आर्कवर ठेवला की चुकतं. मागच्या वितळलेल्या तळ्यावर ठेवला की जमतं.

तीन तासांत एक किलो रॉड संपवला. हे वाया गेलं असं मी मानत नाही.

१८ मार्च, मंगळवार

सोळा गेजच्या पाइपावर पहिलाच टाका मारला आणि अंगठा जाईल एवढं भोक पडलं. ७५ अँपियर त्याला फार. ५५वर आणलं, तेव्हा रॉड चिकटायला लागला. मग होल्डर उणे टोकाला आणि चिमटा अधिकला लावून पाहिलं. ६०१३ रॉड दोन्ही बाजूंनी चालतो, आणि रॉड उणे ठेवला की धातूत कमी खोल जातो. ६०वर, सलग ओळ न ओढता एक टाका, थांबणं, लाली उतरली की शेजारी दुसरा टाका. असं जमलं. डीसी मशीन घेतल्याचा हा फायदा नानांच्या एसीवर मिळाला नसता.

२१ मार्च, शुक्रवार

दोन दिवस काम बंद. बुधवारी सकाळी चौकटीला टाके मारताना हेल्मेट वर करून जागा बघायची, डोळे मिटून टाका मारायचा, असं मी पंधरा-वीस वेळा केलं. मिटल्या पापणीवर भरवसा ठेवला. दिवसभर काही नाही. रात्री अकराला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना, दिवा सहन होईना. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पडदा भाजतो आणि त्रास कित्येक तासांनी सुरू होतो, म्हणून करताना कळतच नाही. मायने बटाट्याच्या चकत्या आणल्या. मी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मलम, थेंब आणि अंधारात पडून राहणं. आज उघडता येतायत.

शेडच्या शटरला आतून जाड कापडाचा पडदा लावला. गल्लीतली पोरं उजेड बघायला येतात, त्यांनी थेट बघू नये.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारून शेडमध्ये आलो आणि कूलरचं स्टँड पूर्ण केलं. चारही कोपरे काटकोनात कापले होते, मापं बरोबर होती, तरी पूर्ण वेल्ड केल्यावर वरची चौकट चार मिलिमीटर तिरकी आली. कारण कळलं : वितळलेला धातू थंड होताना आखडतो आणि आपल्याकडे ओढतो. मी एक कोपरा पूर्ण करून मग दुसऱ्याकडे गेलो होतो. आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके, कर्ण मोजायचे, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून. दुसरं स्टँड तसं केलं. दोन्ही कर्णांत एक मिलिमीटरचा फरक.

शेजारच्या काकांनी जुना जीआय पाइप आणून दिला, “एवढं जोडून दे.” नाही म्हणालो. त्याच्यावर जस्ताचा थर असतो, तो आर्कमध्ये जळून पांढरा धूर होतो आणि त्या धुराने थंडी वाजून ताप येतो. असा धूर लागला की दूध प्यायचं असं आमच्याकडे सांगतात. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात गेलेला असतो. काकांना म्हटलं, सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन इंच जस्त घासून आणा, मग उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून जोडू.

६ एप्रिल, रविवार

झोक्याच्या आधीची परीक्षा. दोन पट्ट्या काटकोनात ठेवून एकाच बाजूने वेल्ड केलं, शिकंज्यात धरलं आणि घणाने वाकवलं. असे सहा तुकडे. चार वाकले, सांधा धरून राहिला. दोन फुटले. फुटलेल्या सांध्यात आत काळ्या खपलीची रेघ होती. पहिल्या थरावरची खपली नीट न काढता मी दुसरा थर मारला होता. वरून दोन्ही तुकडे चांगलेच दिसत होते, उलट फुटलेल्यातला एक सगळ्यांत देखणा होता.

तुकडे पिशवीत घालून नानांना दाखवायला नेले. त्यांनी फुटलेला हातात घेतला, बराच वेळ फिरवून पाहिला.

“वरथीन देखू नको,” म्हणाले, “मांयथीन देख.”

झोक्यावर माणसं बसणार आहेत. तेव्हापासून मनात एकच विचार आहे : माणसाचं वजन माझ्या वेल्डवर लटकलं नाही पाहिजे.

१३ एप्रिल, रविवार

काल दुपारी दोनला मुद्दाम काम केलं. शेडमध्ये थर्मामीटर ४४. दहा नंबर, ११५ अँपियर. चौथ्या रॉडला मशीनचा पिवळा दिवा लागला आणि आर्क गेली. अकरा मिनिटं पंखा फिरत राहिला, मग पुन्हा चालू. आज पहाटे सहाला, २७ अंशांत, त्याच करंटला सात रॉड जाळले, दिवा लागला नाही.

तिकडे व्होल्टेज पहाटे चांगलं, इकडे मशीन पहाटे गार, आणि चामडी मोज्यांतला माझा हातही पहाटेच टिकतो. साडेपाच ते साडेआठ, एवढाच शेडचा वेळ ठरवला. शटर पूर्वेला आहे, म्हणून सातनंतर ऊन थेट काचेवर येतं. टेबल फिरवून पाठ उत्तरेला केली.

२० एप्रिल, रविवार

झोक्याची रचना पक्की झाली. दोन बाजूंना इंग्रजी ए अक्षरासारखे पाय, वर आडवी नळी. सगळा दोन इंची काळा पाइप, मध्यम वर्गाचा, ३.६ मिमीचा.

भार किती धरायचा? झोका थांबलेला असताना दोरीवर माणसाचं वजन येतं. झोका साठ अंश वर नेऊन सोडला, तर खालच्या टोकाला दोरीवर दुप्पट येतं. नव्वद अंशांना तिप्पट. हे आम्ही मुलांना लंबकावर शिकवतो. दोन बायका मिळून १२० किलो, साठ अंश, म्हणजे २४० किलो. आडवी नळी आधी सात फुटांची काढली होती, ती सहाची केली. मध्ये दीड-पावणेदोन फुटांवर दोन कड्या. वाकण्याचा ताण चौरस मिलिमीटरला ९१ न्यूटन येतो, या पाइपाची झेलण्याची हद्द २१०. पुरेसं वाटलं.

आता कड्या. सगळेजण कडी नळीच्या खाली वेल्ड करतात. मी नाही करणार. तिथे सगळं वजन एका छोट्या सांध्याला खाली खेचतं, आणि तो दर हेलकाव्याला मागे-पुढे वाकतो. त्याऐवजी नळीवरून फिरलेले यू बोल्ट, खाली पट्टी, दुहेरी नट. तसंच आडवी नळी पायांच्या वरच्या बेचक्यात बसवली, म्हणजे वजन खाली पायांवर टेकतं, आणि दोन्ही बाजूंना सहा मिमीचे त्रिकोणी पत्रे. वेल्डला फक्त ते बेचकं उघडू न देण्याचं काम.

२६ एप्रिल, शनिवार

पाय मी जोडले. वरचे दोन सांधे मात्र नानांनी करावेत असं मीच म्हणालो. पहाटे साडेपाचला ते मोटरसायकलवर आले, स्वतःचं हेल्मेट घेऊन. मशीनकडे बघत राहिले. सहा किलोचं, टेबलाच्या कोपऱ्यात मावलेलं.

१२०वर ठेवलं. पहिला रॉड अर्धा जाळून थांबले, खपली फोडली, बोटाने ओळ चाचपली. मग न बोलता पुढचे नऊ रॉड. प्रत्येक थराला ब्रश, प्रत्येक थराला हातोडी. त्यांचा हात बघताना मला माझी चूक दिसली : मी टोकाला पोचलो की रॉड झटकन उचलतो आणि तिथे खड्डा राहतो. ते टोकाशी क्षणभर थांबून, थोडं मागे येऊन मग उचलतात.

चहा घेताना म्हणाले, “न्हानं शे, पन दम शे. सकायनं दे त्याले काम.”

पैसे घेतले नाहीत. मायने कळण्याची भाकर आणि भरीत बांधून दिलं.

२७ एप्रिल, रविवार

दोन-दोन फुटांचे चार खड्डे, पायांना खाली आडव्या पट्ट्या, काँक्रीट. रंगाच्या आधी रेड ऑक्साइड.

२९ एप्रिल, मंगळवार

काँक्रीट अजून पूर्ण पिकलेलं नाही, तरी दोन दिवस पाणी मारलंय, आणि वजन खाली दाबणारं आहे. काल संध्याकाळी दोन्ही यू बोल्टांना दोर बांधून फळीवर सिमेंटच्या गोणीत भरलेली वाळू ठेवली, पन्नास किलोच्या पाच गोण्या. आडव्या नळीखाली दोरा ताणून बांधला होता. रात्रभर ठेवलं. सकाळी दोऱ्याशी तीन मिलिमीटरची वाक, गोण्या काढल्यावर नळी परत जागेवर. चारही पत्र्यांच्या कडांना भिंग लावून पाहिलं, रंगात कुठे केसाएवढीही भेग नाही.

मग मी स्वतः बसलो, नंतर मी आणि धाकटा भाऊ उभ्याने.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

सकाळी घागर भरली, वडिलांच्या नावाने नैवेद्य दाखवला. दहाच्या गाडीने बहीण आली. अंगणात पाऊल टाकल्यावर आधी निंबाच्या जागेकडे बघितलं, मग वर नळीकडे. “कोणी केलं?” मायने माझ्याकडे बोट केलं. मी नानांचंही नाव सांगितलं.

दुपारी सांजोऱ्या झाल्यावर भाच्या चढल्या ते संध्याकाळपर्यंत उतरल्या नाहीत. पाचनंतर गल्लीतल्या बायका आल्या, दोघी-दोघी उभ्या राहून, गाणी म्हणत. मी पायाशी बसून काँक्रीटच्या कडेवर हात ठेवला होता. हेलकाव्यागणिक बारीक थरथर येत होती, हालचाल नव्हती.

रात्री नऊला सगळे गेल्यावर पाना लावून नट तपासले. डावीकडच्या यू बोल्टाचा बाहेरचा नट पाव फेरा सैल झाला होता. आवळला, वर रंगाची खूण केली. उद्या सकाळी पुन्हा बघायचा. फाटकाची बिजागरी परवा, साडेपाचला.